वेदर-सील्ड म्हणजे वॉटरप्रूफ? नाही हो!

प्रवासासाठी स्वस्त आणि दणकट मिररलेस (आत आरसा नसलेला, लेन्स बदलता येणारा) कॅमेरा शोधताना एक गोष्ट हमखास ऐकायला मिळते, की बॉडी (लेन्सशिवायचा कॅमेरा) वेदर-सील्ड असली की झालं, पावसात बिनधास्त काढा. असं नसतं. सीलिंग म्हणजे जोडांवर, बटणांभोवती, दारांच्या कडेला बसवलेल्या रबराच्या पट्ट्या, त्या शिंतोडे आणि धूळ अडवतात, पाण्यात बुडवायला नसतात. ओएम सिस्टमचा (म्हणजे पूर्वीच्या ऑलिंपसचा) ओएम-५ कॅमेरा आयपी५३ रेटिंगचा आहे (धूळ आणि पाणी किती अडतं ते सांगणारा आकडा), त्यातला ३ म्हणजे वरून आणि तिरकं, उभ्या रेषेपासून ६० अंशांपर्यंत पडणारं फवाऱ्यासारखं पाणी, बस्स! आणि तेही सील्ड लेन्स लावली तरच. इथेच बरेचजण फसतात, बॉडी सील्ड घेतात आणि वर कॅमेऱ्यासोबत मिळणारी साधी १४-४२ किट लेन्स लावतात, मग पाणी माउंटमधून (लेन्स बसते त्या जोडातून) किंवा लेन्समधूनच आत जातं, त्यापेक्षा १२-४५ प्रो लेन्स घ्या, लहान आहे आणि सील्डही. बजेट कमी असेल तर सेकंडहँड ऑलिंपस ई-एम५ मार्क टू बघा, तो सील्ड आहे, ई-एम१० मालिकेला सीलिंगच नाही (दिसायला सारखेच, म्हणून घोळ होतो). जुन्या बॉडीचे रबर मात्र झिजलेले असू शकतात, बॅटरीचं दार उघडून नीट तपासा, आणि भर पावसात लेन्स बदलू नका, तेव्हा सीलिंगचा काही उपयोग नाही.