खुलासा: एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसावर असाल तर अमेरिकेत विमान शिकता येत नाही?

९/११ च्या काही हल्लेखोरांनी फ्लोरिडात विमान चालवायचं शिक्षण घेतलं होतं. तेव्हापासून आपल्या लोकांत एक समज पक्का बसलाय: ग्रीन कार्ड नसेल तर विमान शिकायचं नावही काढू नका.

तसं काही नाही. खासगी पायलट परवान्यासाठी नागरिकत्वाची अटच नाही. वय १७, कामापुरतं इंग्रजी, वैद्यकीय प्रमाणपत्र, साधारणपणे किमान ४० तास उड्डाण आणि परीक्षा. (४० तासांत उरकणारे विरळाच, खिसा त्या हिशेबाने तयार ठेवा.)

बदललं ते एवढंच, की परदेशी नागरिकाला आधी टीएसएकडे (अमेरिकेची वाहतूक सुरक्षा यंत्रणा) अर्ज करून, बोटांचे ठसे देऊन सुरक्षा तपासणी पार करावी लागते. २०२४ च्या नियमानुसार ही मंजुरी ५ वर्षांपर्यंत चालते. प्रशिक्षकासोबतच्या पहिल्या हौसेच्या फेरीला तीही लागत नाही.

गोंधळ होतो तो एम-वन व्हिसामुळे. तो पूर्णवेळ अभ्यासक्रमासाठी असतो; नोकरी सांभाळून शनिवार-रविवारी शिकणाऱ्या एच-वन-बीवाल्याला त्याची गरज नाही. पर्यटक व्हिसावर मात्र परवान्यासाठीचं प्रशिक्षण घेता येत नाही, आणि खासगी परवान्यावर पैसे घेऊन प्रवासी नेणं कुणालाच चालत नाही.