वारुळावरची अळंबी आणि ‘वनोपज’ या शब्दाचा घोळ

पावसाने आठवडाभर झोडपून मग एखादा दिवस उघडीप दिली, हवा कोंदटली की गोव्यात आणि दक्षिण कोकणात वारुळांवर अळंबी फुटते. वारुळाला गोव्यात रोंयण म्हणतात, म्हणून ही रोंयणी अळमी. रस्त्याकडेला पानांच्या पुड्यांत ती विकायला येते तेव्हा तराजू नसतो. नग मोजायचे, हिशेब शंभराचा. आणि दरवर्षी त्याच सुमारास एक जुना वाद डोके वर काढतो : अभयारण्यातली अळंबी काढायची की नाही? मनाईची आठवण करून दिली जाते, काढणारे वडिलोपार्जित हक्काचा दाखला देतात, तोवर श्रावण संपतो आणि विषय पुढच्या पावसावर जातो. दोन्ही बाजूंच्या तोंडी ‘वनोपज’ हा शब्द असतो, आणि खरा घोळ त्याच शब्दात आहे.

१९२७ च्या वन अधिनियमात वनोपजाची लांबलचक यादी आहे. झाडे, पाने, फुले, फळे. झाड या सदरात न बसणाऱ्या वनस्पती, त्यात गवत, वेली, बोरू, अगदी शेवाळसुद्धा. जनावरांची कातडी, शिंगे, मध, मेण. शेवटी माती आणि दगड. अळंबीचे नाव त्यात नाही. तेव्हा त्याने काही अडले नाही, कारण त्या काळच्या शास्त्रात बुरशी आणि अळंबी वनस्पतींतच धरत. १९६९ साली सजीवांची पाच सृष्टींत विभागणी मांडली गेली आणि कवकांना, म्हणजे बुरशी-अळंबीच्या गटाला, स्वतंत्र सृष्टी मिळाली. कवक स्वतःचे अन्न तयार करत नाही, त्याच्या पेशीभित्तिकेत कायटिन असते, म्हणजे कीटकांच्या कवचात असते तेच द्रव्य. हे शाळेच्या पुस्तकातही आले. कायद्याच्या भाषेत मात्र आले नाही.

२००६ च्या वनहक्क कायद्यात गौण वनोपजाची व्याख्या ‘वनस्पतीपासून मिळणारे, इमारती लाकूड वगळता सर्व वनोपज’ अशा अर्थाची आहे. म्हणजे १९६९ नंतर ३७ वर्षांनीही अळंबी दाराबाहेरच. अक्षरावर बोट ठेवणारा म्हणेल, कवक वनस्पती नाही, तेव्हा हा हक्क अळंबीला लागू नाही. पण तीच व्याख्या पुढे वाचावी. बांबू, वेत, तेंदूपाने, औषधी वनस्पती, मुळे, कंद यांच्या रांगेत टसर, कोष, मध, मेण आणि लाख बसवली आहे. मध मधमाशीचा, लाख लाखकिड्याची, कोष अळीचा. ही सगळी ‘वनस्पतीपासून’ चालत असतील, तर वाळवीने कुजक्या पाल्यावर वाढवलेली अळंबी का चालू नये? यादीच्या शेवटी ‘आणि तत्सम’ हे शब्दही आहेत. आमच्या मते अळंबी त्यात सहज बसते. तरीही ती स्पष्ट लिहिली जाईपर्यंत काढणाऱ्याचा हक्क समोरच्या अधिकाऱ्याच्या वाचनावर अवलंबून राहतो, आणि हे योग्य नाही.

अभयारण्यात गुंता आणखी वाढतो. १९७२ च्या वन्यजीव कायद्याचे २९ वे कलम अभयारण्यातून वन्यजीव, त्यात वनोपजही, परवान्याशिवाय काढू देत नाही. गोव्यात म्हादई आणि नेत्रावळी ही दोन मोठी अभयारण्ये १९९९ साली जाहीर झाली. ज्या वारुळांवर आसपासच्या वाड्यांतले लोक आधीपासून जात होते, त्यांतली कितीतरी एका अधिसूचनेने हद्दीच्या आत गेली. उलट २००६ च्या कायद्यात ‘वनजमीन’ या शब्दात अभयारण्ये आणि राष्ट्रीय उद्यानेही धरलेली आहेत. एकाच वारुळावर दोन कायदे, आणि मजा अशी की मनाई करताना अळंबी बिनबोभाट वनोपज ठरते, हक्क मागताना मात्र ती वनस्पती आहे का, हा प्रश्न निघतो. ही दुहेरी मोजणी थांबायला हवी.

नावांचा गोंधळ तसा जुनाच. मनुस्मृतीत ‘कवकानि’ लसूण-कांद्याबरोबर अभक्ष्यांत टाकली आहेत, तर सुश्रुतसंहितेत पेंढा, ऊस, शेण, वेळू आणि जमीन, कशावर उगवली त्यावरून अळंबीचे प्रकार पाडून गुणदोष सांगितले आहेत. अळंबी कशावर उगवली ते आधी बघायचे, ही रीत आजही सर्वांत उपयोगाची. विदर्भात सात्या आणि टेकोडे ही नावे चालतात. देशावर बहुतेक ठिकाणी सरसकट ‘कुत्र्याची छत्री’. त्या एका नावाखाली खाण्याजोगी आणि जीव घेणारी दोन्ही झाकली जातात. हिमाचल प्रदेशातल्या सोलनमध्ये १९६१ साली लागवडीचे प्रयोग सुरू झाल्यापासून बटण आणि धिंगरी या लागवडीच्या जाती घरोघर पोचल्या, आणि शहरात ‘अळंबी’ म्हणजे तीच असे झाले. रानातल्या अळंबीला वेगळे नाव उरले नाही.

वारुळावरच्या अळंबीची लागवड मात्र अजून कुणाला व्यापारी पातळीवर जमलेली नाही. वाळवी आणि हे कवक यांची जोडी आफ्रिकेत सुमारे तीन कोटी वर्षांपूर्वी जमली. वाळवी लाकूड-पाला चावून गिळते आणि विष्ठेतून त्याचा मेंदूसारख्या घड्यांचा, हलका, तपकिरी पोळा रचते. पोळ्यावर कवकाचे खसखशीएवढे पांढरे मणी येतात. ते वाळवीचे अन्न, आणि तिच्या पोटातून निघालेल्या बीजाणूंनीच नवा पोळा विरजला जातो. १७७९ साली दक्षिण भारतात काम करणाऱ्या एका युरोपीय वैद्याने वाळवीच्या घरातल्या या पोळ्यांचे वर्णन छापले. कवकाला ‘टर्मिटोमायसिस’ हे प्रजातिनाम मिळायला १९४२ उजाडले.

वादाला खरे वळण द्यायला हवे होते ते त्यानंतरच्या संशोधनाने. पंखवाल्या वाळव्या उडून नवे घर मांडतात तेव्हा आपल्याकडची ओडोंटोटर्मिस ही वाळवी धरून बहुतेक जाती कवक बरोबर नेत नाहीत. पहिल्या पिढीतल्या कामकरी वाळव्या बाहेर पडतात आणि पाल्यावर पडलेले बीजाणू घरात आणतात. ते बीजाणू कुठून येतात? उमललेल्या अळंबीतून. स्वित्झर्लंडमध्ये १९७५ पासून जवळपास तीन दशके चाललेल्या पाहणीत अळंबी खुडल्याने पुढचे पीक घटले नाही, पायदळी तुडवल्याने उगवणाऱ्या नगांचा आकडा मात्र घटला. तो दाखला इथे अनेकदा दिला जातो. पण तिथली अळंबी वाळवीवर अवलंबून नव्हती. आपल्या वारुळावर खुडल्याने जुने कवक मरत नाही, हे खरेच. मात्र सगळ्याच कळ्या उमलण्याआधी गेल्या तर आसपासच्या नव्या वारुळांना विरजण कुठून मिळणार?

बाजार नेमक्या कळ्याच मागतो. मिटलेली कळी वाटेत मोडत नाही, टिकते, चावायला भरीव लागते. उमललेल्या छत्रीच्या कडा संध्याकाळपर्यंत फाटतात. म्हणून सरसकट बंदीपेक्षा एक साधा नियम कामाचा वाटतो : दर वारुळावरची निदान तिसरा हिस्सा अळंबी उमलू द्यावी आणि वारुळाला हत्यार लावू नये. दुसरी गोष्ट गोवा-सिंधुदुर्गात मुद्दाम सांगावी लागत नसे. सातेरी इथे वारुळाच्या रूपातच पुजली जाते; देवीच्या अंगावर कुदळ कोण चालवणार? हल्ली लांब मुळासकट अळंबी मिळावी म्हणून कडा उकरतात. उकरलेल्या जागेतून पाणी आत शिरते, पोळा कुजतो. वाळवी सोडून गेली की त्या पोळ्यावर काळी, बोटांसारखी दुसरीच बुरशी उगवते. ती दिसली की त्या पोळ्यावरची अळंबी संपली म्हणून समजावे.

काढताना दांडा जमिनीलगत दोन बोटांत धरून हलके फिरवत वर ओढावा. खाली निमुळते होत गेलेले, कधी हातभर लांब मूळ लागते. ते पोळ्यापर्यंत गेलेले असते. ओळखीची पहिली खूण हीच. दुसरी खूण टोपीच्या मध्यावरचे कडक टोक, त्यानेच ती माती फोडून वर येते. दांड्यावर वळे आहे की नाही यावर विसंबू नये, कारण वारुळावरच्या काही जातींनाही ते असते. वारुळाच्या मातीवर गालिच्यासारखी पसरणारी बारीक जात मात्र वाळवीने बाहेर टाकलेल्या पोळ्याच्या चुऱ्यावर उगवते. तिला असे लांब मूळ सापडत नाही, म्हणून नवख्याने तिच्या वाटेला जाऊ नये.

उमललेल्या अळंबीची टोपी अर्ध्या पांढऱ्या, अर्ध्या काळ्या कागदावर, टोपीच्या आतली पातळ पाती खाली येतील अशी ठेवावी, वर वाडगे झाकावे, सहा-आठ तासांनी उचलावे. कागदावर पडलेली बीजाणूंची भुकटी फिकट गुलाबी हवी. हिरवट पडली तर ती गायरानात, शेणखतावर आणि बागेतल्या हिरवळीवर उगवणारी विषारी छत्री. दिसायला उमललेल्या रोंयणी अळमीसारखीच, खाल्ल्यावर साधारण एक ते तीन तासांत उलट्या-जुलाब. शुभ्र पांढरी पडली तर टाकून द्यावी.

कळीला ही परीक्षा लागू होत नाही, आणि सर्वांत मोठी चूक तिथेच होते. कळी उभी चिरून पाहावी. तळाशी पिशवीसारखे आवरण दिसले, किंवा अंड्यात असावी तशी आख्खी छत्री वेष्टणात गुंडाळलेली दिसली, तर ती अमानिता गटातली असू शकते. या गटातल्या जीवघेण्या जातींचे विष शिजवून जात नाही, त्रास सहा ते चोवीस तासांनी सुरू होतो आणि तोवर यकृताला इजा होऊ लागलेली असते. चांदीचे नाणे काळे पडते का, लसणीचा रंग बदलतो का, किडे खातात का, यांतली एकही कसोटी हे विष ओळखत नाही. विकत घेताना म्हणूनच मूळ तोडलेल्या, धुऊन चकचकीत केलेल्या कळ्यांची पुडी घेऊ नये. मातीने माखलेले मूळ शाबूत असलेलीच मागावी.