ग्रुप प्रोजेक्टचे मार्क नक्की कोणाचे? गोष्ट दोरी ओढण्यापासून सुरू होते

ग्रुप प्रोजेक्टमधे एकजण रात्र रात्र जागतो, दुसरा शेवटच्या दिवशी येऊन स्लाईडचा फाँट बदलतो आणि मार्क दोघांना सेम. आयत्या बिळावर नागोबा. ही रडारड नवीन वाटते, पण तिचं मूळ बरंच जुनं आहे आणि तेही कॉलेजात नाही, तर शेतीच्या यंत्रांवर काम करणाऱ्या एका फ्रेंच इंजिनिअरकडे.

माक्स रिंगेलमान त्याचं नाव. १८८० च्या दशकात त्याने माणसांना दोरी ओढायला लावली, आधी एकेकट्याला आणि मग गटात, आणि जोर मोजला (निकाल छापले मात्र १९१३ साली!). आठजण ओढायला लागले की प्रत्येकाचा जोर एकट्याच्या जोराच्या जवळपास निम्म्यावर यायचा. त्याचं म्हणणं, सगळ्यांचा झटका एकाच वेळी बसत नाही म्हणून असं होतं. पण १९७४ मधे इंगहॅम या मानसशास्त्रज्ञाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी लोकांच्या डोळ्यांवर पट्टी बांधून सांगितलं की मागे अजून माणसं ओढतायत, प्रत्यक्षात मागे कोणी ओढतच नव्हतं, तरीपण जोर कमी झाला. म्हणजे नुसता ताळमेळाचा प्रश्न नाही, आपण मराठीत ज्याला सरळ अंग चोरणं म्हणतो ते हेच. १९७९ मधे लाटाने, विल्यम्स आणि हार्किन्स यांनी टाळ्या आणि आरडाओरडा मोजून तेच दाखवलं आणि त्याला 'सोशल लोफिंग' हे नाव पडलं.

माझ्या मते खरी किल्ली त्याच तिघांच्या १९८१ च्या प्रयोगात आहे. ज्यांना वाटलं आपला आवाज वेगळा मोजला जातोय ते गटातही जोरात ओरडले, आणि ज्यांना वाटलं कधीच मोजला जात नाही ते एकटे असतानाही ढिले पडले. म्हणजे दोष माणसाच्या आळशी स्वभावाचा कमी आणि कोण किती करतंय ते न दिसण्याचा जास्त.

वर्गात गटाने शिकणं यावर काम करणारे स्लाविन आणि जॉन्सन बंधू हेच वेगळ्या शब्दांत सांगत होते, की गटाचं यश प्रत्येकाच्या शिकण्यावर अवलंबून ठेवा, म्हणून स्लाविनच्या पद्धतीत चाचणी प्रत्येकाने एकट्याने द्यायची. पण एकच रिपोर्ट आणि त्यावर पाच नावं असा प्रोजेक्ट असला की हे जमत नाही, मग मार्क वाटायचे कसे?

१९९० मधे गोल्डफिंच आणि रेसाइड यांनी मुलांनीच एकमेकांना दिलेल्या गुणांवरून वैयक्तिक मार्क काढायची रीत मांडली, पुढे तसलीच गणितं इंग्लंडमधल्या लफबरो विद्यापीठाच्या वेबपीए सॉफ्टवेअरमधे आली. गणित सोपं आहे. चौघांचा गट, प्रोजेक्टला ६०. तिघांनी स्वतःला आणि एकमेकांना सारखे गुण दिले आणि चौथ्याला शून्य, चौथ्याने मात्र सगळ्यांना सारखे. प्रत्येकाच्या हातात वाटायला एकूण १ असा हिशोब धरला तर तिघांच्या वाट्याला प्रत्येकी १.२५ आणि चौथ्याच्या ०.२५, त्याने ६० ला गुणलं की ७५ आणि १५. पंधरा! म्हणून कितीतरी ठिकाणी निम्मेच मार्क या गुणाकारात घालतात आणि उरलेले निम्मे सगळ्यांना सारखे देतात, मग तेच आकडे ६७.५ आणि ३७.५ होतात.

आता हा चौथा खरंच कामचुकार होता की बाकी तिघं जुने मित्र होते, हे त्या आकड्यातून कळत नाही. उलटही होतं, आधीच ठरवून सगळे सगळ्यांना फुल मार्क देतात, प्रत्येकाचा वाटा बरोब्बर १ येतो आणि गाडी पुन्हा सेम मार्कांवर.

हल्ली काहीजण गिटचे कमिट (कोडमधे कोणी कधी काय बदललं याच्या नोंदी) किंवा डॉक्युमेंटची हिस्ट्री बघतात. दिसतं खरं, पण ओळी मोजल्या जातात म्हटल्यावर पोरं ओळी वाढवतात, आणि ज्याने दोन तास बसून बाकीच्यांना प्रॉब्लेम समजावला त्याची एकही ओळ तिथे सापडत नाही. त्यापेक्षा एकेकाला वेगळं बोलावून "हा भाग असा का केला?" एवढं विचारलं तरी बरंच कळतं, फक्त साठ पोरांना दहा दहा मिनिटं म्हणजे दहा तास, आणि ते कोणत्या मास्तरांकडे असतात.