चहानं ताकद येत नाही, झोपेचा निरोप फक्त अडतो

नागपूरकडं बुटीबोरीच्या रात्रपाळीवाल्यांपासून तर बर्डीत अभ्यासिकेत बसणाऱ्या पोरापोरींपर्यंत सगळे हेच सांगतात की कडक चहा मारला की अंगात ताकद येते. नाही येत हो!

आपण जितका वेळ जागे तितकं मेंदूत अडेनोसिन नावाचं रसायन साचत जातं, ते त्याच्या रिसेप्टरवर, म्हणजे पेशीवरच्या त्याच्या ठरलेल्या जागेवर, बसलं की सुस्ती येते, आता चहातल्या कॅफीनची ठेवण बरीचशी तशीच असल्यानं ते आधीच जाऊन ती जागा अडवते, पण साचलेलं अडेनोसिन कुठं जात नाही नं, कॅफीन उतरलं की थकवा एकदम अंगावर येतो. ते उतरतंही हळूच, निम्मं व्हायलाच साधारण ५ तास, म्हणजे संध्याकाळी ७ चा चहा रात्री १२ ला पण अर्धा अंगात.

हे रिसेप्टर ४ प्रकारचे, ए१, ए२ए, ए२बी आणि ए३, अन् फक्त मेंदूतच नाहीत. हृदयाचे ठोके अचानक सुसाट सुटले तर काही प्रकारांत डॉक्टर शिरेतून अडेनोसिनच देतात, ए१ वर काम करून ते लय जागेवर आणतं. अडेनोसिन स्ट्रेस टेस्टच्या, म्हणजे अडेनोसिन देऊन हृदयाचा रक्तपुरवठा पाहायच्या तपासणीच्या, आधी चहा-कॉफी बंद ठेवायला सांगतात ते कॅफीन रिसेप्टरची जागा अडवते म्हणूनच, तेव्हा घरच्यांनी "घोटभर घेतल्यानं काय होते" म्हणून पाजू नका, रिपोर्ट चुकू शकतो.