ओवेनच्या कागदावरची ससूनची पेन्सिल

पहिलं महायुद्ध चालू असताना, १९१७च्या ऑगस्टमध्ये एडिंबराच्या क्रेगलॉकहार्ट लष्करी रुग्णालयात विल्फ्रेड ओवेन हा २४ वर्षांचा इंग्रज अधिकारी आणि कवी तिथेच दाखल असलेल्या सीग्फ्रीड ससूनला भेटला. ससूनचं कवी म्हणून तेव्हाच नाव झालेलं. पुढच्या काही आठवड्यांत ओवेनने ‘अँथम फॉर डूम्ड यूथ’ हे सॉनेट (चौदा ओळींची कविता) पुन्हापुन्हा लिहिलं आणि ससूनने त्यावर पेन्सिल चालवली. शीर्षकातलं ‘डेड’ जाऊन ‘डूम्ड’ आलं. एका शब्दाने कविता मेलेल्यांची न राहता, अजून जिवंत असलेल्या पण मरण ठरून गेलेल्या पोरांची झाली. ‘आपल्या तोफा’मधलं ‘आपल्या’ही गेलं.

यातलं कोणाचं काय, हे ओळखायचं कसं? शाई कागदाच्या तंतूंत मुरते. पेन्सिलीचं ग्राफाइट मात्र तंतूंच्या उंचवट्यांवर पापुद्र्यांसारखं अडकून राहतं. दहापट भिंगाखाली, दिवा कागदाशी जवळजवळ समांतर धरला की ते करडं चमकतं आणि टोकाने पडलेली खाच दिसते. अवरक्त (इन्फ्रारेड) प्रकाशात फरक आणखी स्पष्ट होतो: ग्राफाइट म्हणजे कार्बन, ते काळंच राहतं; त्या काळी सर्रास वापरली जाणारी लोह-मायफळाची शाई १००० नॅनोमीटर तरंगलांबीच्या आसपास फिकी दिसू लागते. शाईने खोडलेला पेन्सिलीचा शब्द असा वर येतो.

फसगत होते ती रेघा एकमेकींना छेदतात तिथे. पातळ शाईतून खालच्या ग्राफाइटची चमक दिसते आणि पेन्सिल वरून फिरली असं वाटतं. म्हणून एका छेदावरून आधी-नंतर ठरवू नये. शिवाय पेन्सिल म्हणजे ससूनच, असंही नाही. अक्षराचं वळण दोघांच्या पत्रांशी ताडून पाहावंच लागतं.

मसुद्यांचा क्रम लावायला जलचिन्हं कामी येतात. कागद उजेडासमोर धरला की कागदगिरणीची खूण दिसते. तारीख असलेल्या पत्राचा कागद आणि मसुद्याचा कागद एकच निघाला, तर काळ जवळपास कळतो. पण नेमका नाही, कारण उरलेले ताव माणूस महिनोन्‌महिने वापरतो. जॉन स्टॉलवर्दींनी ओवेनच्या कवितांच्या १९८३च्या संपादनात हाच मार्ग धरला. एवढा खटाटोप करावा लागतो, कारण ४ नोव्हेंबर १९१८ला ओवेन फ्रान्समधल्या ऑर्सजवळच्या कालव्यावर लढाईत मारला गेला. अंतिम पाठ कोणता, हे सांगायला कवीच उरला नाही. त्याच्या कवितांच्या १९२०च्या संग्रहाला प्रस्तावना ससूनची, पण जुळवाजुळवीत कवयित्री एडिथ सिटवेल यांचेही मोठे श्रम आहेत. तो वाटा सहसा विसरला जातो.

आज यातले काही मसुदे ब्रिटिश लायब्ररीत आहेत. अशा हस्तलिखितांवर प्रदर्शनात साधारण ५० लक्सच (लक्स हे उजेडाचं एकक), म्हणजे मंद उजेड ठेवतात. धूळ काढताना स्पंज पेन्सिलीच्या अक्षरांवरून फिरवत नाहीत, कडेनेच थांबवतात: ग्राफाइट कागदाला चिकटलेलं नसतं, साध्या घासण्यानेही ते निघून येतं.