मॉडेलचा रंग बदलताना : आमच्या कारखानदार ग्राहकांसाठी माहितीपत्रक

पेण, हमरापूर, जोहे भागातल्या ज्या कारखानदारांनी आमच्याकडून गणपतीचे थ्रीडी मॉडेल घेतले आहे, त्यांच्यासाठी हे पत्रक आहे. मंडळाला मूर्ती रंगवण्याआधी चित्र दाखवायचे असते. केशरी सोवळे पाहून झाले की मंडळ म्हणते, जांभळे दाखवा. तेवढ्यासाठी आमच्याकडे यायची गरज नाही, मॉडेलला हात लावायचीही नाही. रंग मॉडेलमध्ये नसतोच. तो शेजारच्या फोल्डरमधल्या सपाट चित्रात असतो. त्या चित्राला टेक्श्चर म्हणतात, आणि बदलायचे असते ते तेवढेच.

शिंपी कापड बेततो तशी मूर्तीची कातडी आम्ही उलगडून चौकोनी चित्रावर पसरलेली असते. या मांडणीला यूव्ही म्हणतात. सोंड, कान, हात, मुकुट, प्रत्येकाची जागा त्यात ठरलेली असते. शिवणी आम्ही मुद्दाम सोंडेच्या खालून आणि मानेच्या मागून नेल्या आहेत, समोरून दिसू नयेत म्हणून. चित्र कापू नका, फिरवू नका, रुंदी-उंचीचे प्रमाण बदलू नका. चित्र जरासे सरकले तरी पहिल्यांदा बिघडते ती डोळ्यांची आखणी. सोवळ्यावरचा बुट्टा चार पिक्सेल सरकला तर कोणाच्या लक्षात येत नाही, पण बुबुळ सरकले की बाप्पा तिरळे दिसतात. रंग भरताना तुकड्याच्या कडेवर थांबू नका, पंधरा-वीस पिक्सेल बाहेर जाऊ द्या. नाहीतर शिवणीवर पांढरी किंवा काळी रेघ उमटते.

आता नेहमीची तक्रार : “रंग बदलला, सेव्ह केला, तरी मूर्ती जुनीच दिसते.” फाइल बरोबर असते. सॉफ्टवेअरने चित्र एकदा वाचले की ते मेमरीत ठेवते आणि डिस्कवर नवे आले आहे का हे आपणहून बघत नाही. ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये इमेज एडिटर उघडून ते चित्र निवडा आणि ‘इमेज’ मेनूत ‘रीलोड’ द्या, किंवा ऑल्ट आणि आर एकत्र दाबा. पोझर हे दुसरे थ्रीडी सॉफ्टवेअर वापरणाऱ्यांना ‘रेंडर’ मेनूत ‘रीलोड टेक्श्चर्स’ मिळेल.

एवढे करूनही जुनेच दिसत असेल तर चित्र बहुधा ब्लेंडरच्या फाइलमध्येच पॅक केलेले आहे. मग रीलोड केल्यावरही आतलीच प्रत वाचली जाते, बाहेरच्या फोल्डरमध्ये तुम्ही कितीही रंग बदला. आधी ‘फाइल’ मेनूतल्या ‘एक्स्टर्नल डेटा’मधून ‘अनपॅक’ करा, मग रीलोड.

नावाबद्दल आमचे मत ठाम आहे. नव्या चित्राला जुनेच नाव द्या, आणि जुने चित्र तारीख घालून वेगळ्या फोल्डरमध्ये हलवा. ‘सोवळे नवीन फायनल २’ अशी नावे कारखान्यात चालतात, मॉडेलला चालत नाहीत. मटेरियल, म्हणजे पृष्ठभाग कसा दिसावा हे ठरवणारी मॉडेलमधली सेटिंग, चित्राच्या फाइलच्या पत्त्यावरून ते शोधते. पत्ता बदलला की सगळीकडे चित्र हाताने जोडावे लागते. सोवळ्याचे चित्र शेल्यालाही लावलेले असेल आणि तिथे बदलायचे राहिले, तर मंडळाच्या बैठकीत शेला केशरी आणि सोवळे जांभळे! मोठ्या मॉडेलमध्ये चित्रांच्या नावात १००१, १००२, १००३ असे आकडे आहेत. आमच्या मांडणीत चेहरा, अंग आणि वस्त्र-दागिने या क्रमाने. हे आकडे तसेच राहू द्या, सॉफ्टवेअर त्यांवरूनच कोणते चित्र कुठे बसवायचे ते ठरवते.

मूर्ती एकदम भडक गुलाबी झाली तर घाबरू नका. चित्र सापडत नाही हे सांगायची ब्लेंडरची ती पद्धत आहे. बहुतेक वेळा मॉडेलची फाइल एकटीच पेनड्राइव्हवर घेतलेली असते आणि टेक्श्चरचा फोल्डर जुन्या संगणकावर राहिलेला असतो. फोल्डर आणा आणि ‘एक्स्टर्नल डेटा’मध्येच असलेल्या ‘फाइंड मिसिंग फाइल्स’ला तो दाखवा.

मूर्तीला रंगाच्या चित्राबरोबर आणखी दोन चित्रे असतात. एक खडबडीतपणाचे, रफनेस. दुसरे उठावाचे, नॉर्मल मॅप. ते निळसर-जांभळे असते आणि मुकुटावरचे बारीक कोरीवकाम त्यातूनच दिसते. या दोन्हींत रंग नाही, नुसते आकडे आहेत. म्हणून त्यांची कलर स्पेस, म्हणजे चित्रातले आकडे कसे वाचायचे ती सेटिंग, ‘नॉन-कलर’ असायला हवी. एसआरजीबी ही नेहमीच्या रंगीत चित्रांची सेटिंग फक्त रंगाच्या चित्राला. नवे चित्र नव्या नावाने उघडले की साध्या पीएनजीला ब्लेंडर एसआरजीबीच लावतो. मग रफनेसचा मधला राखाडी, म्हणजे ०.५, सुमारे ०.२१ म्हणून वाचला जातो आणि शाडूची मूर्ती प्लास्टिकसारखी चकाकते. जुन्या नावावर रीलोड केले तर आधीची सेटिंग तशीच राहते. नावाचा आग्रह आम्ही धरतो, त्याचे हेही एक कारण.

बाहेरून आणलेल्या नॉर्मल मॅपमुळे उठलेली नक्षी खोल गेल्यासारखी दिसली, तर त्यातला हिरवा चॅनेल, म्हणजे चित्रातला हिरव्या रंगाचा थर, उलटा आहे. ओपनजीएल आणि डायरेक्टएक्स या ग्राफिक्सच्या दोन प्रणालींची पद्धत तिथे एकमेकांविरुद्ध असते, आणि ब्लेंडरला ओपनजीएलची लागते. हिरवा चॅनेल इन्व्हर्ट करा.

चित्र किती मोठे असावे? मोबाइलवर दाखवायला २०४८ पिक्सेल पुष्कळ झाले. चेहरा जवळून दाखवायचा असेल तर ४०९६. त्यापुढे जाण्यात आम्हाला अर्थ दिसत नाही. ४०९६चे चित्र डिस्कवर लहान दिसले तरी उघडल्यावर मेमरीत सुमारे ६४ एमबी घेते, ८१९२चे २५६ एमबी. अशी चार-पाच चित्रे असली की साधा संगणक धापा टाकतो. काम चालू असताना जेपीईजी टाळा, दर सेव्हला त्यात थोडा दर्जा जातो. पीएनजी ठेवा.

थेट ब्लेंडरमध्येच ब्रशने रंगवत असाल तर मॉडेलची फाइल सेव्ह केली म्हणजे चित्र सेव्ह झाले असे समजू नका. ‘इमेज’ मेनूच्या नावापुढे चांदणी दिसत असेल तर चित्र अजून मेमरीतच आहे. आषाढात आपल्याकडे दिवे कधी जातील याचा नेम नसतो. चांदणी दिसली की आधी चित्र सेव्ह.

एवढ्यावरही अडले तर मॉडेल आणि टेक्श्चरचा पूर्ण फोल्डर एका झिपमध्ये पाठवा, आणि पडद्यावर काय दिसते त्याचा स्क्रीनशॉट. टेक्श्चर व्हॉट्सअॅपवर पाठवायचे असेल तर ‘फोटो’ म्हणून नको, ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा. फोटो म्हणून पाठवलेले चित्र वाटेत लहान होते आणि आम्हाला त्याचा काही उपयोग होत नाही. रंगबदलाची शंका फोनवर सुटली तर तिचे पैसे नाहीत. नवी मांडणी करावी लागली तर आधी दर सांगू. श्रावण लागला की आमच्याकडेही रांग असते, म्हणून मंडळाची बैठक ठरली असेल तर तिची तारीख पहिल्याच निरोपात कळवा.