महागड्या घड्याळाची वॉरंटी: दुकानाच्या शिक्क्यापासून चिपच्या कार्डापर्यंत

लाख-दोन लाखांच्या पुढचे स्विस घड्याळ घ्यायचे तर सोलापूरकर सहसा पुणे, मुंबई किंवा हैदराबाद गाठतो. काही जण दुबईहून आणतात. दुकान शेकडो किलोमीटर लांब असल्यामुळे कागदात राहिलेली चूक घरी आल्यावर लक्षात येते आणि ती निस्तरायला पुन्हा प्रवास पडतो. बहुतेक गोंधळ एकाच ठिकाणी होतो. वॉरंटी सुरू करणे हे दुकानदाराचे काम आहे. कंपनीच्या संकेतस्थळावर घड्याळ आपल्या नावावर नोंदवणे हे ग्राहकाचे, आणि तेही ठरावीक कंपन्यांपुरतेच. ही दोन कामे वेगळी का झाली, हे कळायला थोडे मागे जावे लागते.

एचएमटीने १९६१ मध्ये जपानच्या सिटिझनच्या साहाय्याने बंगळुरूत घड्याळे बनवायला घेतली, टायटन १९८७ मध्ये बाजारात आली. तेव्हाचा मामला साधा होता. डबीत छापील गॅरंटी कार्ड, त्यावर तारीख, दुकानदाराची सही आणि गोल शिक्का. सोलापूरच्या नवी पेठेतल्या दुकानदाराला गिऱ्हाईक चेहऱ्याने माहीत असे, त्यामुळे कार्ड हरवले तरी काम अडत नसे. परदेशी घड्याळ मात्र कुणाच्या तरी सामानातून किंवा चोरट्या मार्गाने यायचे. त्याला कार्ड नसायचे, आणि असले तरी इथे त्याला विचारणारे कुणी नव्हते. बिघडले की गल्लीतला घड्याळवाला मागचे झाकण उघडून तेल देई. आयातीवरची उरलीसुरली संख्यात्मक बंधने १ एप्रिल २००१ ला उठली आणि अधिकृत विक्रेत्यांना वाव मिळाला; सवय मात्र जुनीच राहिली. आज वॉरंटीतले घड्याळ बाहेर उघडले की वॉरंटी बाद होते, आणि हे सांगूनही पटत नाही.

तिकडे परदेशात कायद्यांनी चौकट घातली. अमेरिकेत १९७५ च्या मॅग्नुसन-मॉस कायद्याने लेखी वॉरंटीच्या अटी स्पष्ट लिहिणे बंधनकारक केले. युरोपीय संघाने १९९९ च्या निर्देशाने सदोष मालाबद्दल विक्रेत्याची जबाबदारी किमान दोन वर्षे ठरवली. महागड्या घड्याळांच्या पुस्तिकेत 'दोन वर्षे' हा आकडा इतका का दिसतो, त्याचे एक कारण हे.

कार्डाचे रूप बदलले ते मात्र कायद्यामुळे नव्हे, चोरवाटांमुळे. रोलेक्सच्या जुन्या कागदी गॅरंटीवर सिरियल नंबर टोचलेल्या छिद्रांनी लिहिलेला असे. तारखेची आणि नावाची जागा कोरी ठेवलेले कागद अधिकृत दुकानातून बाहेर पडत आणि ग्रे मार्केटमधला, म्हणजे अधिकृत साखळीबाहेरचा, विक्रेता ते हवे तेव्हा भरत असे. २००६ च्या सुमारास क्रेडिट कार्डाच्या आकाराचे प्लास्टिक कार्ड आले, २०२० मध्ये त्यात चिप बसली. तारीख आता कंपनीच्या सर्व्हरवर चढते. दुकानाच्या शिक्क्याला पूर्वीचे वजन उरले नाही.

मग वर्षांची चढाओढ लागली. रोलेक्सने जुलै २०१५ पासून पाच वर्षे दिली, ओमेगाने नोव्हेंबर २०१८ मध्ये, ट्यूडरने जानेवारी २०२० पासून. या पाच वर्षांसाठी ग्राहकाला ऑनलाइन काही भरावे लागत नाही. रिशमाँ समूहाने दुसरी वाट धरली. कार्टिए, आयडब्ल्यूसी, जेजर-लकुल्त्र, पॅनेराय या त्याच्या कंपन्यांची मूळ वॉरंटी दोन वर्षांची. घड्याळ ऑनलाइन नोंदवले तर ती आठ वर्षांपर्यंत जाते. २०१९ पासून या योजना सुरू झाल्या. ओरिसने २०२० मध्ये कॅलिबर ४०० हे यंत्र आणले आणि नोंदणी करणाऱ्याला दहा वर्षे देऊ केली. यात निव्वळ औदार्य नाही. घड्याळ कोणत्या दुकानाला दिले एवढेच कंपनीला पूर्वी कळत असे, ते कुणाच्या मनगटावर गेले हे कळत नसे. वाढीव वर्षांच्या बदल्यात तिला नाव, ईमेल आणि फिरत्या घड्याळाचा माग मिळतो. ग्राहकाचाही तोटा नाही. यांत्रिक घड्याळाचे तेल सुकणे, रबरी रिंगा कडक होणे हे सारे काही वर्षांनीच सुरू होते. ही झीज वाढीव वॉरंटीतही बसत नाही, पण यंत्रातला खरा दोष उशिरा उघड झाला तर ती कामी येते.

काउंटरवरून उठण्यापूर्वी तीन ठिकाणचा सिरियल नंबर जुळवावा: घड्याळावरचा, कार्डावरचा आणि बिलावरचा. घड्याळावर तो मागच्या झाकणावर, पट्टा अडकतो त्या दोन कानांच्या मध्ये किंवा, रोलेक्समध्ये, डायलभोवतीच्या आतल्या कडेवर असतो. शून्य आणि इंग्रजी ओ, एक आणि आय यांची अदलाबदल ही नेहमीची चूक. 'संध्याकाळी अॅक्टिव्हेट करतो' असे ऐकू आले तर तिथेच थांबून समोर करून घ्यावे आणि विक्रीची तारीख स्क्रीनवर पाहावी. नाव लग्नाच्या खरेदीत चुकते. घड्याळ जावईबापूंना द्यायचे, पैसे सासरे भरतात, आणि नोंदणीला ईमेल देतो सोबत गेलेला मेहुणा. बिल पैसे देणाऱ्याच्या नावाने असू द्यावे. ऑनलाइन नोंदणी मात्र घालणाऱ्याच्या खात्यावर, त्याच्याच ईमेलने करावी. विक्रेत्याला स्वतःचा ईमेल टाकून मोकळे होऊ देऊ नये.

घरी येऊन करायची नोंदणी दहा मिनिटांची. खाते उघडायचे, सिरियल नंबर आणि खरेदीची तारीख भरायची, मागितल्यास कार्डाचा फोटो जोडायचा. मुदतवाढीचा मेल आला की त्याची प्रत जपून ठेवायची. मूळ वॉरंटी चालू असतानाच हे करायचे असते. तारीख दिवस-महिना अशी भरायची की महिना-दिवस, ते पाहावे. ५ ऑगस्टचा ८ मे झाला की नोंद अडकते.

खरेदीचे कागदही वॉरंटीइतकेच महत्त्वाचे. दोन लाखांवरच्या खरेदीला पॅन लागतो, आणि एका व्यवहारात दोन लाख किंवा अधिक रोख घ्यायला विक्रेत्याला २०१७ पासून मनाई आहे. दहा लाखांवरच्या मनगटी घड्याळावर २२ एप्रिल २०२५ पासून एक टक्का टीसीएस, म्हणजे विक्रेत्याने विक्रीच्या वेळी गोळा करायचा आयकर, घेतला जातो. तो आयकर विवरणपत्रात वळता करून घेता येतो. 'बिलाशिवाय स्वस्त' घेतलेल्या घड्याळाला दुकानाची तोंडी हमी असते, कंपनीची नव्हे.

वॉरंटीत काच, पट्टा, बॅटरी, ओरखडे, पडल्याने झालेली मोडतोड येत नाही. क्रोनोमीटरचे, म्हणजे अचूकतेचे प्रमाणपत्र मिळालेल्या घड्याळाचे, यंत्र दिवसाला सरासरी वजा चार ते अधिक सहा सेकंदांत चालले तर ते कोस्क (COSC) या प्रमाणपत्र देणाऱ्या स्विस संस्थेच्या मापात बसते. पाच सेकंद पुढे जाते ही तक्रार टिकणार नाही. अचानक मिनिटामिनिटांनी पुढे पळायला लागले तर फोनच्या कव्हरातले किंवा पर्सच्या खटक्यातले चुंबक तपासावे. यंत्रातले चुंबकत्व काढायला काही क्षण पुरतात. सोलापूरच्या चाळीस अंशांपुढच्या उन्हाळ्यात बंद गाडीच्या डॅशबोर्डवर घड्याळ ठेवू नये. उष्णतेने रबरी रिंग लवकर म्हातारी होते. चावी नीट न आवळता पोहायला उतरल्यास आत जाणारे पाणी वापरणाऱ्याच्या खात्यावर पडते. काचेखाली धुके दिसले तर वाट न पाहता, पण न उघडता, अधिकृत केंद्राकडे द्यावे.

केंद्राला पाठवताना समोरून, मागून आणि सिरियल नंबरचे फोटो काढावेत, कुरिअरचा विमा घड्याळाला लागू आहे का ते विचारावे आणि जॉबशीटवर 'वॉरंटीअंतर्गत' असे लिहून घ्यावे. विनाकारण नकार आला तर पुणे-मुंबईच्या फेऱ्या माराव्या लागत नाहीत. २० जुलै २०२० पासून लागू झालेल्या ग्राहक संरक्षण कायद्याने तक्रारदार राहतो त्या जिल्ह्यात दाद मागण्याची सोय केली आहे. मोजलेली किंमत ५० लाखांपर्यंत असेल तर सोलापूरच्या जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार करता येते, ई-जागृती पोर्टलवरून ऑनलाइनसुद्धा. सोबत बिल, कार्डाची दोन्ही बाजूंची प्रत, जॉबशीट आणि नकाराचे लेखी उत्तर जोडावे.